मिठात ठेवलेला दिवा

रोहा,
४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. पूजा हीस किमयाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मितेशची या आठवड्यात दुपारची शिफ्ट आहे, त्यामुळे घरात मी आणि माझा राग दोघेच असतो. फोन केला नाही, कारण आपल्याकडे फोन कायम स्पीकरवर, आणि मला जे बोलायचंय ते आईने ऐकू नये.

काल आईला सहज विचारलं, बाबांच्या सायकलचा दिवा नीट चालतो ना. तर म्हणाली की आता पूजाने केलेला दिवा हाय गो, लख्ख पडतो. पुढे ती वालाच्या शेंगांबद्दल काही सांगत होती, मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

पूजा, बाबांचा दिवा मी केला होता. भंगारवाल्याकडून जुन्या लॅपटॉपची बॅटरी आणून तिच्यातले चांगले सेल निवडले, निळ्या पाईपाच्या तुकड्यात बसवले, तारांना डाग देताना बोट भाजून घेतलं. मोबाइलच्या चार्जरवर तो चार्ज होतो हे बाबांना पटवायलाच एक दिवस गेला. पहाटे ते मिठागरावर जातात तेव्हा बांधावर माझा उजेड पडतो, एवढं समाधान मला रोह्यात बसून पुरायचं. दिवाळीत तू हौसेने विचारलंस म्हणून तुलाही सगळं शिकवलं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! निकेशसारखा भाऊ दिला, घर दिलं, आईची लाडकी झालीस, तेही सोसलं. बाबांच्या सायकलला तेवढा हात लावायचा नव्हतास.

हो, जळते मी. लिहायला लाज वाटत नाही. माझा दिवा काढून कुठे टाकलास, तेवढं कळव.

वर लिहिलेले आशीर्वाद रीत म्हणून आहेत. मनापासूनचे तुझं उत्तर आल्यावर पाठवीन.

तुझी नणंद,
किमया


गडब,
११ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. किमयाताई यांस पूजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. काय लिहिलंय म्हणून आईंनी विचारलं, तेव्हा ताईंनी पापडाचं प्रमाण कळवलंय असं सांगून मोकळी झाले. आता पापड करावे लागणार.

बाबांनी मला शपथ घातली होती, पण तुम्ही मला चोर ठरवल्यावर ती पाळून काय करू? जानेवारीत उघाडीच्या झडपेजवळ बांधावरून त्यांची सायकल घसरली आणि ते दिव्यासकट खाडीच्या पाण्यात गेले. गुडघा सोलला, बाकी काही नाही. दिवा मात्र बंद पडला. त्याच्या आदल्या आठवड्यात निकेशचा फोन भिजला होता, तो मी तांदळाच्या डब्यात ठेवून वाळवलेला बाबांनी पाहिला होता. त्यांनी विचार केला की तांदूळ जर पाणी ओढतो, तर मीठ दुप्पट ओढेल. चाळीस वर्षं मीठ पिकवणाऱ्या माणसाला कोण शिकवणार! दिवा उघडून दोन दिवस मिठाच्या राशीत पुरून ठेवला. बाहेर काढला तेव्हा तारा हिरव्या पडलेल्या आणि सेल गंजलेले. तो माझ्यासमोर ठेवून मान खाली घालून बसले. म्हणाले की किमयाला कळता नाय कामा, तू हुबेहूब तसाच करून दे.

म्हणून केला. तोच निळा पाईप घेतला. तुम्ही स्विचचं भोक वाकडं पाडलं होतंत, मीही वाकडंच पाडलं. आईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आणि जळण्याचं म्हणाल तर माझंही ऐका. बाबा मिठागरावर सगळ्यांना तो दिवा दाखवतात आणि सांगतात, माझ्या किमयाने केलाय. बोटं भाजली माझी आणि नाव तुमचं! लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात माशाचं कालवणही तुमच्यासारखं झालं तरच चांगलं. एकदा तरी माझं नाव निघावं असं मला वाटणार नाही का?

रागावून का होईना, पण लिहीत राहावं.

तुमची,
पूजा


रोहा,
१८ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. पूजा हीस किमयाताईचे अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासूनचे. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसले. मिठात दिवा! मग मितेशला वाचून दाखवायला घेतलं आणि बाबा मान खाली घालून बसले तिथे आल्यावर पत्र त्याच्याच हातात दिलं.

तुला चोर समजले, ते चुकलं माझं. परवा बाबांना फोन करून सांगितलं की दिवा पूजाचा आहे हे मला कळलंय, मिठागरावरही तसंच सांगा. ते म्हणाले की तुला वाईट वाटंल म्हणून गो. गुडघा कसा आहे विचारलं, तर गुडघ्याला काय झालंय म्हणून मलाच विचारलं.

राग गेला पूजा, पण जळणं वाढलं. लहानपणी बाबांच्या हातून काही बिघडलं की ते पहिले माझ्याकडे यायचे. एकदा आईचा आरसा त्यांनी फोडला, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तुकडे परसात पुरले होते. आता मी येणार म्हटलं की सगळं झाडून पुसून ठेवतात, पाहुणी यावी तसं. दिव्याला नाव माझं दिलं खरं, पण मोडलेला दिवा घेऊन ते तुझ्यासमोर बसले. माणूस आपली चूक घरच्यालाच दाखवतो.

पाईपाच्या तोंडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळ, म्हणजे खारा वारा आत जाणार नाही. आणि यापुढे घरात काही मोडलं, सांडलं, कुणी पडलं, तर बाबांच्या शपथेला न जुमानता मला कळवत जा. चांगल्या बातम्या मागाहून आल्या तरी चालतील.

तुझी,
किमयाताई