निळी टिकली गोजरच्या नावाला

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
२१ सप्टेंबर २०२५

चि. मोनिकास,
आत्याचे अ. उ. आ.

पाकीट पाहून दचकू नको, इकडं सगळे खुशाल आहेत. तुझ्या आईला परवाच भेटून आले, गुडघा आता बरा आहे तिचा. तुझा मोबाईल त्या पोलीस ट्रेनिंगवाल्यांनी जमा करून घेतला आणि रविवारी मिळतात ती दहा मिनिटं तुझ्या आईच्या हक्काची. मग मी काय करणार, पोस्टातून पाकीट आणलं. चौथीपर्यंत शिकल्याचं आज सार्थक झालं. अक्षराला हसू नको.

काम नाजूक आहे. तू जाताना उखाण्यांचं ते खातं माझ्या हवाली करून गेलीस. रोज एक उखाणा म्हणायचा, व्हिडिओ काढायचा, टाकून द्यायचा, एवढं मला जमतंय. बघणारी माणसं लाखाला टेकली. कुठल्या कुठल्या पोरी लिहितात, की गोजरबाई, आमच्या ह्यांच्या नावाचा एक करून द्या. मी भाजी निवडता निवडता करून देते.

पण महिन्याभरापासून दुसरीच एक गोजरबाई निघालीय. नाव माझं, फोटो माझा, आणि उखाणे असे घाण की चार बायांत ऐकवत नाय. माझ्याच व्हिडिओवर कुणी तरी दुसरा आवाज चिकटवलाय म्हणे. दौलताबादच्या श्रेयाचं डिसेंबरात लग्न आहे, तिला उखाणे शिकवायला मला बोलावणं होतं. तिच्या होणाऱ्या सासूनं, आवडाबाईनं, ते व्हिडिओ पाहिले आणि निरोप धाडला की असल्या बाईनं आमच्या मांडवात पाय ठेवायचा नाय. मोने, दौलताबाद माझं माहेर. तिथं मला असं कुणी म्हणावं? भजनाला गेले तर बाया बोलता बोलता गप्प झाल्या. परत जावंसं वाटंना.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी शाइस्ताचं सेवा केंद्र आहे, आधार आणि दाखले काढून देते ती. तिनं सांगितलं, की खाला, खात्याच्या नावापुढं निळी खूण लावून घ्या, म्हणजे असली कोण आणि नकली कोण ते जगाला कळेल. कपाळाची टिकली मी रोज लावते, ही निळी टिकली कुठं मिळते ते तेवढं सविस्तर कळव.

तब्येतीला जप. आत्याची आठवण पुसट होऊ देऊ नको.
तुझी,
गोजरआत्या

---

पोलीस प्रशिक्षण केंद्र, अकोला
२९ सप्टेंबर २०२५

ती. स्व. गोजरआत्यास,
मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा अख्ख्या बराकीला वाटलं माझं लग्न ठरलं. हल्ली पत्र आलं की लोक असंच समजतात. मी वाचून दाखवलं तर आठ-दहा जणी तुझ्या चाहत्या निघाल्या. रविवारी फोन हातात येतो तेव्हा त्यांनी ती नकली गोजरबाई पाहिली होती आणि तुझा आवाज नाही हे त्यांनी लगेच ओळखलं होतं. तेव्हा सगळं जग तुला नावं ठेवतंय असं समजू नको.

शाइस्ताताईचं बरोबर आहे. खात्यात तुझ्या नावाशेजारी तीन आडव्या रेघा आहेत, तिथं दाब. पुढं खातं पडताळणीचा पर्याय येईल. आधार कार्डाचा फोटो मागतील आणि मग चेहऱ्याचा व्हिडिओ. डावीकडं बघा, उजवीकडं बघा म्हणतील. घाबरायचं नाही. पोलीस ठाण्यात फोटो काढतात तसाच प्रकार आहे, फक्त गुन्हा केलेला नसतो. एकदा खूण मिळाली की नकली खात्याविरुद्ध तक्रार कर, ती लवकर ऐकली जाईल.

इथं पहाटेपासून पळवतात. आमच्या कवायतीच्या मॅडम फार कडक आहेत, हसताना त्यांना अजून कोणी पाहिलेलं नाही. बाबा असते तर म्हणाले असते, की गोजरच्या वळणावर गेलीय पोरगी, थकत नाही. मामांना, म्हणजे तुझ्या मालकांना, नमस्कार सांग. आणि भजनाला जात जा. तू गेली नाहीस तर बायांना खरंच वाटेल.

तुझ्या मायेची भुकेली,
मोनिका

---

मुकुंदवाडी
१६ ऑक्टोबर २०२५

चि. मोनिकास,
अ. उ. आ.

टिकली नाय मिळाली.

व्हिडिओचं आधी सांगते. शाइस्ताच्या दुकानात स्टुलावर बसले. मशीन म्हणालं डावीकडं बघा, मी पाहिलं. चेहरा दिसत नाय म्हणालं. शाइस्ता म्हणाली, खाला, पदर जरा मागं घ्या. घेतला. मग चष्मा काढायला लावला. चष्मा काढल्यावर पुढं काय लिहिलंय ते मलाच दिसंना, म्हणून उजवीकडं म्हटलं तरी मी डावीकडंच बघत बसले. रांगेतली माणसं काम सोडून मला डावं-उजवं शिकवायला लागली. हसून हसून पोट दुखलं. शेवटी चेहरा पास झाला.

नाव नापास झालं. खात्यावर गोजर, आधारावर मनकर्णाबाई काकासाहेब दांडगे. त्यांना वाटलं मी कुणा दुसरीचंच खातं मागतेय. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं ते त्यांना काय ठाऊक. शाइस्ता म्हणाली सोपं आहे, खात्यावरचं नाव मनकर्णाबाई करा, दोन मिनिटांत काम होतं. तिनं बोट ठेवलंसुद्धा. मी तिचा हात धरला.

मोने, तुला म्हणून सांगते. मनकर्णा नावाशी माझं भांडण नाय. त्या नावानं संसार केला, पोरं वाढवली. पण आई-बाप गेले, मागच्या साली तुझा बाप, माझा नाना गेला, आणि मला गोजर म्हणणारं कुणी उरलं नाय. तूही आत्याच म्हणतेस, नाव लावलंस तर आत्याच्या आधी. मग तू त्या खात्याला माझ्या बापाचं ठेवलेलं नाव दिलंस आणि लाख माणसं मला गोजर म्हणायला लागली. सकाळी ते वाचताना वाटतं, कुणी तरी दौलताबादच्या घरातून हाक मारतंय. ते नाव मी माझ्या हातानं पुसू?

शाइस्तानं दुसरा रस्ताही सांगितला. आधारच बदला. शाळेचा दाखला आणायचा, सरकारी राजपत्रात नाव छापून घ्यायचं, मग आधार. मी दाखला आणलासुद्धा, त्यावर कुमारी गोजर म्हस्के असं लिहिलंय. साठीला आलेली बाई नाव बदलायला निघाली म्हणून लोक हसतील का? तुझ्या मामांना अजून बोलले नाय. कसं बोलू तेवढं सांग.

माया आटू देऊ नको.
आत्या

---

मुकुंदवाडी
२ नोव्हेंबर २०२५

चि. मोनिका हीस,
काकासाहेब दांडगे यांचे अ. आ. वि. वि.

मी सहसा पत्र लिहीत नाही. एसटीत तीस वर्षं गाडी चालवली, तिथं अर्जाशिवाय काही लिहावं लागलं नाही. तरी चूकभूल सांभाळून घ्यावी.

तुझी आत्या आठ दिवस माझ्याशी अति गोड वागत होती. रोज ताटात धपाटे. मी समजलो काही तरी आहे. शेवटी मीच विचारलं तेव्हा तिनं नावाचं सांगितलं आणि माझ्या तोंडाकडं बघत बसली. मी म्हणालो बघू. बघू म्हटलं की ती नाही समजते, म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जोरात वाजू लागली.

मी नाही म्हणालेलो नाही. दुसऱ्या दिवशी मीच शाइस्ताच्या दुकानात गेलो. राजपत्राचा अर्ज भरला. रेशन कार्ड, गॅस, बँक, माझी पेन्शन, सगळीकडं हिचं नाव आहे, ते सगळं बदलावं लागणार. मला दुसरं काम काय आहे? रांगेत उभं राहायची सवय आहे. ज्या माणसानं तिच्या नावावर घाण टाकली त्याच्यापायी तिनं तोंड लपवून बसायचं, हे मला पटत नाही. तिनं सरळ आपल्या नावानं उभं राहावं.

माझी अडचण वेगळी आहे. ती तुझ्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. लग्न झाल्यापासून मी तिला मने म्हणतो. आता ती कागदोपत्री गोजर झाली की काय म्हणायचं? सकाळी फिरायला जातो तेव्हा रेल्वे स्टेशनच्या बाजूला कोणी नसताना मी गोजर म्हणून बघतो. तोंडात बसत नाही. दुसऱ्याच्या बायकोला हाक मारल्यासारखं वाटतं. हे तिला कळू देऊ नये. उपाय असल्यास कळवावा.

प्रकृतीस जपावे आणि आम्हां दोघांस विसरू नये.
काकासाहेब

---

अकोला
१० नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
मोनिकाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि कोणालाही दाखवलं नाही. हे आमच्या बराकीत फार मोठं बलिदान आहे.

मामा, तुम्ही अर्ज भरल्याचं आत्याला सांगितलंत का? मला तुमचा स्वभाव माहीत आहे. तुम्ही सगळं करून मोकळे व्हाल आणि ती बिचारी भांडी आपटत राहील. आधी ते सांगा. हाकेचं तिलाच विचारा. मी फार तर आरोपीला कसं बोलतं करायचं ते सांगू शकते, नवऱ्याला कसं करायचं ते अजून शिकवलेलं नाही.

स्टेशनवर एकटं बोलत उभं राहू नका. कोणी तरी आमच्याच खात्याला फोन करेल.

तुमचा धाक आणि लाड दोन्ही असू द्यावेत,
मोनिका

---

मुकुंदवाडी
१७ डिसेंबर २०२५

चि. मोनिकास,
गोजरआत्याचे अ. उ. आ.

टिकली मिळाली. नावापुढं अशी ठळक, निळी, गोल. शाइस्तानं दुकानातल्या सगळ्यांना खव्याची जिलबी वाटली आणि मला पैसे काढू दिले नाय. म्हणाली, खाला, माझ्या आईचं नावही लग्नात बदललं होतं, आज तिला सांगते. नकली खात्याची तक्रार तिनंच केली. चार दिवसांत ते खातं गायब झालं. कोण होता तो मेला, ते नाय कळलं. कळून तरी काय करायचंय.

पण खरी गंमत पुढं. श्रेया लई धीराची पोर निघाली. टिकली आल्या दिवशी तिनं सासूला माझं खातं दाखवलं आणि सांगितलं, की ही खरी गोजरबाई, आणि उखाणे मी हिच्याकडूनच शिकणार. दुसऱ्या दिवशी आवडाबाई माझ्या दारात. हातात ओटीचं सामान. मी पाणी दिलं, चहा ठेवला. ती म्हणाली माझं चुकलं, मी न विचारता बोलले. मी म्हणाले बसा. ती बसली खरी, पण मान वर करंना. मलाच कसंतरी झालं. मग मी विचारलं, की तुम्ही स्वतः मालकांचं नाव शेवटचं कधी घेतलं? लाजून लाल झाली. बराच आग्रह केला तेव्हा एक सुरू केला आणि अर्ध्यातच अडकली, पुढचं आठवंना. मी जोडून दिलं. मग दोघी हसत बसलो, चहा उतू गेला.

लग्न रविवारी झालं. मांडवात श्रेयानं नाव घेतलं:
दौलताबादच्या वाटेवर सीताफळाची बाग,
ऋतुराजचं नाव घेते, सासूबाई, सोडा आता राग.
आवडाबाईच सगळ्यांत आधी हसली. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. माहेरच्या मांडवात माईकवरून गोजरबाई म्हणून पुकारलं तेव्हा म्हाताऱ्या बाया माना वळवून बघायला लागल्या. एकजण म्हणाली, म्हस्क्यांची गोजर का तू? मी व्हय म्हणाले आणि उठून तिच्या पाया पडले.

आता तुझ्या मामांचं. अर्ज ह्यांनीच भरला होता, मला पंधरा दिवसांनी कळलं. नवा आधार आला तसं हे दारात उभे राहून घसा साफ करायला लागले. पाच मिनिटं नुसतं खाकरणं. मग एकदाचं गोजर म्हणाले. इतकं परकं वाटलं, मोने, मला वाटलं बँकेतून कुणी आलंय. मी म्हणाले, जगानं मला गोजर म्हणावं, तुमच्या तोंडी मनेच बरी दिसते. त्यांचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून दिवसातून वीस वेळा कारण नसताना मने मने चाललंय.

भजनाला जाते आता. बाया नीट बोलतात, तरी दोघी-तिघी अजून गप्पच आहेत. होईल हळूहळू.

तुझं ट्रेनिंग संपतानाच्या परेडला आम्ही येतोय. आपलं माणूस म्हणून मनात जागा ठेव.
आत्या

---

अकोला
४ जानेवारी २०२६

ती. स्व. गोजरआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. मामांच्या खाकरण्याला बराकीत टाळ्या पडल्या. हे त्यांना सांगू नको.

एक घोटाळा झाला होता, तो मिटला. परेडच्या पाहुण्यांत मी तुझं नाव सप्टेंबरातच दिलं होतं, मनकर्णाबाई दांडगे म्हणून. आता तू आधार दाखवणार गोजरबाईचं, आणि गेटवरचा पहारेकरी तुला आत सोडणार नाही. नाव दुरुस्त करायला मॅडमकडं जावं लागलं. मॅडमनी विचारलं, लग्न झालेल्या बाईचं नाव आता कसं काय बदललं? मी सावधान उभी राहून सगळं सांगितलं, नकली खात्यापासून राजपत्रापर्यंत.

मॅडमनी जुनं नाव खोडलं, नवं आपल्या हातानं लिहिलं आणि मला जायला सांगितलं. मी दारापर्यंत गेले तेव्हा परत बोलावलं. खाली टेबलाकडं बघत म्हणाल्या, की फेब्रुवारीत त्यांचं लग्न आहे, आणि तुझ्या आत्या आल्या तर एक उखाणा मिळेल का. आत्या, त्या हसल्या गं. मी पाहिलं, माझ्याशिवाय कोणी साक्षीदार नाही.

नवऱ्या मुलाचं नाव शिवराज आहे, ते पण पोलिसातच आहेत. तेवढा एक छान करून आण.

तुझ्या पायांची वाट बघणारी,
मोनिका

---

मुकुंदवाडी
१० जानेवारी २०२६

चि. मोनिकास,
अ. उ. आ.

तिकिटं काढली. ह्यांनी बूट पॉलिश करून आत्तापासून दारात ठेवलेत. तुझ्या आईसाठी गुडघ्याची पट्टी आणि तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेतलीय.

मॅडमचा उखाणा करायला बसले होते. शिवराजला जुळणारे शब्द पुष्कळ आहेत. पण तू लिहिलंस मॅडम कडक आहेत, मॅडम हसल्या, मॅडमचं लग्न आहे, नवऱ्याचं नाव अमुक. त्यांचं स्वतःचं नाव काय ते कुठंच लिहिलं नाय. आधी ते विचारून ठेव. माहेरी लाडानं काय म्हणतात, तेही विचार. त्याशिवाय मी उखाणा करायची नाय, असं त्यांना आत्यानं सांगितलंय म्हणावं.

भेटीपुरती माया जपून ठेव.
गोजर