आधी चहा, मग प्रश्न

५ जानेवारी २०२६, सोमवार

गुणाजीने आज पुन्हा त्याची तीन नंबरची, पत्रा ठोकायची प्रेस बंद केली! पेडल एकदा दाबलं की दोनदा खाली येते म्हणे. मेन्टेनन्सने दोन तास तपासली — काही सापडलं नाही. आमचा तरुण मालक अनिमेष जाम वैतागला. "काका, असं कोणीही उठून मशीन बंद करणार?"

करणार. नियमच आहे तसा. नानांनी, म्हणजे त्याच्या आजोबांनी, वागळे इस्टेटीत शेड टाकली तेव्हापासूनचा. शंका आली की कामगाराने मशीन थांबवायचं. त्याला आधी चहा, मग प्रश्न. मी नवा सुपरवायझर असताना नाना स्वतः कप घेऊन यायचे. आता मी प्रॉडक्शन मॅनेजर आणि नाना भिंतीवर, फोटोत.

७ जानेवारी

नवा फॉर्म आला. मशीन थांबवायचं तर आधी कारण लिहायचं आणि माझी सही घ्यायची. "नानांचा काळ वेगळा होता," अनिमेष म्हणाला. खोटं नाही. तेव्हा ऑर्डरी अशा डोक्यावर बसत नव्हत्या. फॉर्म मराठीत मीच करून दिला.

वर स्थापना दिनाचं भाषणही माझ्याच गळ्यात. विषय — नानांचे विचार आज लागू पडतात का?

८ जानेवारी

गुणाजी केबिनमध्ये आला. "साहेब, कारण काय लिहू? हाताला कळतंय, कागदावर नाय येत."

मेन्टेनन्सला सांगतो म्हटलं. सांगितलं नाही. घरी बायकोला, सरोजला सांगितलं. पोळी लाटता लाटता थांबली — "त्याचा हात गेला तर?" उगाच चिडलो तिच्यावर.

१० जानेवारी

तीन दिवसांत एकही फॉर्म नाही. अनिमेष खूश. मला भीती वाटते.

१२ जानेवारी

भाषण झालं. नानांचे विचार कधीच जुने होणार नाहीत, असं म्हणालो. टाळ्या बऱ्याच पडल्या. गुणाजी शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून उभा होता. नंतर भेटला नाही. मीही शोधलं नाही.

१३ जानेवारी

सकाळी तीन नंबरपाशी उभा होतो. पेडल एकदाच दाबलं, प्रेस दोनदा खाली आली — माझ्या डोळ्यांदेखत. गुणाजीने हात कसाबसा काढला आणि माझ्याकडे बघितलं. प्रेस थांबवायचं बटण माझ्या हाताशी होतं. सहीसुद्धा माझीच लागणार होती.

केबिनमध्ये येऊन बसलो. प्रेस चालू आहे.