जावाला जायच्या आधीची पुस्तकं

प्रिय ममताची माय,

येत्या सोमवारी मी निघून राहिलो. आमगावहून गाडीनं नागपूर, तिथून एकामागून एक तीन विमानं, आणि मग जावा. इंडोनेशियातलं ते बेट, जिथं आपली ममता राहते आणि जिथं तुला जायचं होतं. धान चुरून पोत्यांत भरलं, बॅग भरली, गाई शेजारच्या हेमराजकडे लावून दिल्या. तुझ्याशी बोलायचं तेवढं बाकी होतं. तू जाऊन दीड वर्ष झालं, पण मी नीट बोललोच कुठे तुझ्याशी? तू असतानाही कुठे बोलत होतो?

आधी एक सांगतो. तुझी पुस्तकं वाचली मी. सगळी! मॅट्रिकनंतर या माणसानं खताच्या पोत्यावरचं सोडून काही वाचलं नव्हतं, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

तुला तो दिवस आठवतो? ममता धानाच्या नव्या वाणांवर काम करायला तिकडे गेली होती. वर्षभरानं तिचा फोन आला. सोबत काम करणाऱ्या आदी नावाच्या मुलाशी तिनं लग्न केलं होतं. तोही धान पिकवणाऱ्या घरातला, पण मुसलमान. मी फोन खाटेवर टाकला आणि म्हटलं, "या घरात आता तिकडचं नाव नाही निघालं पाहिजे." तू चुलीतली राख काढत बसलीस.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आमगावहून आलीस ती थैलीत भाजीच्या भेदऱ्यांखाली एक पुस्तक घेऊन. पुस्तकाच्या कोपऱ्याला पिकल्या भेदऱ्याचा लाल रस लागला होता.

"हे काय होय?" मी विचारलं.

"वाचनालयातलं पुस्तक होय. जावाचं."

"कायले?"

"पोरगी राह्यते तो देश कसा हाये, पाह्यतो. जायच्या आधी वाचून जावं लागते न जी."

"कोन जाऊन राहिलं?"

तू भेदरे निवडत राहिलीस. तुझं हे भेदरे निवडणं मला भांडणापेक्षा जास्त लागायचं.

सातवी शिकलेली बाई तू. ओळीखाली बोट ठेवून वाचायचीस, आणि मोठ्यानं. दुपारचं काम आटोपलं की छपरीत बसायचीस आणि मी खाटेवर डोळे मिटून पडलेला असायचो. मी झोपलेला नाही, हे तुला माहीत होतं ना? खरं सांग. नाहीतर जोडाक्षर अडलं की ते माझ्याकडे तोंड करून दोनदोनदा काऊन वाचायचीस?

ते पहिलं पुस्तक कुण्या मास्तरांच्या प्रवासाचं होतं, फार जुनं. ते बोटीनं गेले होते. त्यात दगडाच्या भल्यामोठ्या स्तूपाचं वर्णन होतं. तू ते मेश्राम बाईंसाठी दोनदा वाचून पाठ केलंस. वाचनालय सांभाळणाऱ्या मेश्राम बाई बौद्ध. एवढा मोठा स्तूप समुद्रापलीकडे आहे हे ऐकून त्या किती खूश झाल्या, ते घरी येऊन सांगितलंस. मी कूस बदलली.

मग ज्वालामुखीचं आणलंस, आणि स्वतःच घाबरलीस! आठ दिवस पोरीला फोनवर एकच प्रश्न. "तो पहाड तुया घरापासून किती दूर हाये व?" मग तिकडच्या बायकांच्या स्वयंपाकाचं आणलंस. सोयाबीन कुजवून वड्या करतात म्हणून नाक मुरडलंस आणि तरी एकदा करून पाहिल्यास. घरभर वास सुटला होता. मी जेवणावरून उठलो. आता कळतं, वड्या नीट मुरल्या नव्हत्या. पुस्तकात लिहिलंय, दोन दिवस उबेत ठेवायच्या. तू एकच दिवस ठेवल्यास. मला विचारलं असतंस तर मी वाचून सांगितलं असतं, असं म्हणावंसं वाटतं. पण मी सांगितलं नसतं.

आणि ती भाषेची चोपडी! ममतानं मोबाइलवर पाठवलेले शब्द तू तिच्याच शाळेतल्या जुन्या वहीत उतरवून घेतलेस. एका दुपारी तू एकटीच हसायला लागलीस. "अजी, त्यायच्या भाषेत नवरा म्हंजे सुआमी आन् बायको म्हंजे इस्त्री!" हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही हसू येत होतं. मी भिंतीकडे तोंड केलं. काय गेलं असतं माझं, हसलो असतो तर?

पोलिसाचा दिवस मात्र विसरता येत नाही.

मी अंगणात दोर वळत बसलो होतो. फाटकाशी शिपाई आला. म्हणाला, "पासपोर्टची इन्क्वायरी आहे." मी म्हटलं, "साहेब, घर चुकले तुमी. या घरातून कोनी परदेशात जाऊन नाही राहिलं." तेवढ्यात तू आतून आलीस, हाताला कणिक तशीच.

"मी जाऊन राहिली," म्हणालीस.

शिपाई तुझ्याकडे पाहतो, माझ्याकडे पाहतो. तू त्याला पाणी दिलंस, कागदावर सही केलीस, दोन शेजाऱ्यांना बोलावून आणलंस. मला न सांगता तू नागपूरला जाऊन आली होतीस! आजारी मावशीला भेटायला म्हणून गेलीस ते हेच. तो गेल्यावर मी जे बोललो ते तुला आठवत असेलच, पण लिहून टाकतो. लिहिल्याशिवाय सुटका नाही.

मी म्हटलं, "जा. पण गेलीस त या दारात परत पाय ठेवू नोको."

तू मग म्हणालीस, "एक पुस्तक वाचून काहाडा. एकच. मंग नाही म्हना. मी आयकीन."

मी वाचलं नाही. तू गेली नाहीस. ममताला फोनवर सांगितलंस, "तब्येत बरी नाही राह्यत बाई, डॉक्टर नाही म्हणते प्रवासाले." तेव्हा तुला काही झालेलं नव्हतं. दोन वर्षांनी खरंच झालं. पऱ्ह्यात धानाची रोपं वर आली होती, रोवणीला आठ दिवस होते आणि तुझं हृदय थांबलं. सगळं इतक्या लवकर झालं की गाडी नागपूरच्या रस्त्याला लागायच्या आतच मला परत फिरावं लागलं.

ममता तिसऱ्या दिवशी आली. एकटीच आली. नवऱ्याला आणि लेकीला आणलं नाही, कारण मी एकदाही "आण" म्हटलं नव्हतं. आठवडाभर राहिली. माझ्याशी कामापुरतं बोलली. जायच्या दिवशी म्हणाली, "आईची पुस्तकं मी घेऊन जातो. वाचनालयाची असतील ती परत देऊन येतो."

मला काय झालं कोणास ठाऊक. म्हटलं, "राहू दे. मी वाचून राहिलो."

खोटं होतं. तुझ्या वस्तू घराबाहेर जाऊ नयेत, एवढंच मनात होतं. पण बोलून बसलो. मग एक दिवस खरंच पुस्तक उघडलं. माझंही बोट ओळीखाली गेलं, काय करणार!

मला धरलं ते तुझ्या वहीतल्या एका पानानं. तू लिहिलं होतंस: शेतात उभं असते ते पाडी, कांडल्यावर बेरास, शिजल्यावर नासी. खाली लिहिलं होतंस, "आपल्यासारखंच, धान, तांदूळ, भात." मी ते पान घेऊन बराच वेळ बसून होतो. ज्या लोकांना धान आणि तांदूळ वेगळे आहेत हे कळतं, त्यांना मी पाच-सहा वर्षं कोण समजत होतो? मग शेतीचं पुस्तक काढलं. तिकडेही बाया चिखलात वाकून, मागे मागे सरकत रोवतात. धानाच्या देवीचं नाव श्री आहे, आणि कित्येक जुने मुसलमान शेतकरीही तिचा मान राखत आले. हे सगळं तू मला वाचून दाखवलं होतंस. मी खाटेवरच होतो. तेव्हा ते माझ्या कानात गेलं, डोक्यात गेलं नाही.

वाचनालयाची तीन पुस्तकं उरली होती ती परत द्यायला आमगावला गेलो. मेश्राम बाई उठून उभ्या राहिल्या. "या, भाऊ. तुम्हाला भेटायची फार इच्छा होती. ताई नेहमी तुमच्याबद्दल बोलायच्या."

मला वाटलं, आता बोलणी ऐकावी लागणार.

"प्रत्येक वेळी दोन पुस्तकं न्यायच्या," त्या म्हणाल्या. "म्हणायच्या, एक माझं, एक ह्यांचं. परत करताना तुम्हाला काय आवडलं तेही सांगायच्या. ज्वालामुखीचं वाचून तुम्ही म्हणालात ना, की राख पडते म्हणूनच तिथली जमीन एवढी कसदार आहे? मला ते फार आवडलं होतं. शेतकऱ्याच्याच लक्षात येईल असं."

मी म्हणालो नव्हतो ग. मी ते पुस्तक हातातही घेतलं नव्हतं. तू म्हणाली होतीस ते, आणि माझ्या नावावर घातलंस. बाई आणखी सांगत होत्या. तिकडच्या गोष्टींच्या पुस्तकातला म्हातारा तुम्हाला पटला नाही म्हणे, लेकीवर एवढा राग धरायला नको होता असं तुमचं मत पडलं. मी खुर्चीचा हात धरून बसलो. पाच वर्षं त्या वाचनालयात माझ्या नावाचा एक दुसराच माणूस होता. वाचणारा, विचार करणारा, लेकीवर राग न धरणारा. तू त्याच्याशी बोलत होतीस का वाटेनं येताना? मला हे सांगितलं का नाहीस? एकदा तरी रागानं म्हणायचं होतंस, की पहा, असा असता तर!

"भाऊ, बरं आहे ना?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "बाई, मी एकही वाचलं नव्हतं. आता वाचून राहिलो."

त्यांनी गोष्टींचं ते पुस्तक कपाटातून काढून माझ्या हातात दिलं.

ते वाचून झालं आणि मी ममताला फोन लावला. स्वतःहून, पहिल्यांदा. म्हटलं, मला यायचं आहे. ती रडली. लेकीला बोलावलं. नात आपली, सेकर. मी इतकी वर्षं शेखर समजून पोराचं नाव पोरीला कसं ठेवलं म्हणत होतो! त्यांच्या भाषेत सेकर म्हणजे फूल. तुझ्या वहीत आहे. मग आदी फोनवर आला. मी म्हटलं, "माफ." तोच शब्द त्यांच्याकडेही आहे, हेही तुझ्याच वहीतून. तो मग मोडक्या हिंदीत म्हणाला, "बाबूजी, अभी इधर रोपाई चल रही है. आप आइए, गलती बताइए."

पासपोर्ट झाला, तिकीट झालं. सगळं सुरळीत होतं, आणि मला झोप लागेना. कारण ममता फोनवर सारखी म्हणायची, "आईची तब्येत साथ देती तर तीही आली असती." दर वेळी मी हो म्हणायचो. तुझ्या खोट्याआड मी आरामात बसलो होतो. तसं तिच्या घरी जाऊन तिच्या हातचं जेवायचं?

गेल्या महिन्यात सांगितलं तिला. पोलिसाचा दिवस, मी काय बोललो ते, तू काय म्हणालीस ते, सगळं. म्हटलं, "माय आजारी नव्हती. मी येऊ नाही दिलं तिले."

तिनं फोन ठेवला.

आठ दिवस फोन नाही. मी केला तर उचलला नाही. मी बॅगेतले कपडे काढून पुन्हा कपाटात ठेवले. तुझ्यावर राग आला, खरंच सांगतो. कशाला झाकलंस मला एवढं? तेव्हाच सांगितलं असतंस, तर पोरगी भांडली असती, मी कदाचित हरलो असतो, आणि तू जाऊन आली असतीस. हरणं मला जमलं असतं, ग. तू मला तेवढा मोका द्यायचा होतास.

नवव्या दिवशी ममताचा फोन आला.

"बाबूजी, तिकीट रद्द केलं का?"

"नाही अजून."

"नका करू."

मी विचारलं, "माफ केलं का बाई?"

"नाही," ती म्हणाली. "पण या."

म्हणून जाऊन राहिलो. तिनं माफ करावं म्हणून तिच्या मागे लागणार नाही. तिला लागेल तेवढा वेळ तिचा. मला फक्त तिथं असायचं आहे, ती रागावेल तेव्हासुद्धा.

तुला एक वचन देतो. आदीच्या घरचे लोक विचारतीलच, ममताची आई कधीच का आली नाही. मी तुझ्या तब्येतीचं नाव घेणार नाही. तिला यायचं होतं, तिनं तुमच्या देशाची सगळी पुस्तकं वाचली होती, मीच तिला येऊ दिलं नाही, असं सांगीन. हे त्यांच्या भाषेत कसं म्हणायचं, ते चार दिवसांपासून पाठ करून राहिलो. अजून मध्येच अडकतो. सोमवारपर्यंत होईल.

तुझा,
ममताचा बाबूजी