कमरेतून नव्हे, खुब्यातून

१ जुलै २०२४, सोमवार
आजपासून रोजनिशी. तुमसरचे डॉक्टर म्हणाले, मणक्यात गॅप आहे, वाकताना सांभाळा, झटका देऊ नका. मी नोकरीला आहे त्या सेवा सोसायटीच्या गोदामात मी खताची बॅग उचलली होती. मंगलाचं म्हणणं, बॅग हमाल हिरालालनं उचलली, मी फक्त 'उचल' म्हटलं. बायकोला सगळं आठवत नाही.

२ जुलै
पुंडलिकराव आले. बुद्धविहार समितीचे अध्यक्ष, वय पंच्याहत्तर. म्हणाले, आषाढ पौर्णिमेले वंदना मी सांगतो, तुमच्यासाठी खुर्ची ठेवतो. नम्रपणे नाही म्हटलं. वडील गेल्यापासून गावाची वंदना मीच सांगतो. तीनदा जमिनीला कपाळ टेकायचं असतं. खुर्चीवरून ते होत नाही. पौर्णिमेच्या, म्हणजे एकवीस तारखेच्या आत कंबर ठीक करणार. संकल्प.

५ जुलै
साळा, मंगलाचा भाऊ विनोद आला. नागपुरात गोल्फच्या मैदानावर गवत कापतो. म्हणतो, तिथले सत्तरीचे साहेबही ताठ चालतात. सगळी किमया उभं राहण्याची. गुडघे थोडे सैल, पाठ फळीसारखी, वाकायचं कमरेतून नव्हे, खुब्यातून. आणि काठी फिरवायच्या आधी अंग मोकळं करायचं. एक टाकाऊ काठी देऊन गेला.
अंग मोकळं करणं उद्यापासून.

८ जुलै, पहाटे
अंगणात पोश्चर घेऊन उभा राहिलो. शेजारच्या देवकाबाईंनी मंगलाला विचारलं, तुह्या नवऱ्याले लघवीचा तरास हाय का वं.
लक्ष दिलं नाही.

१० जुलै
रोवणा सुरू, धानाची लावणी. मंगला आणि बाया दिवसभर बांधीत वाकून. सगळ्यांच्या पाठी गोल. मी कोरड्या धुऱ्यावर उभा राहून समजावलं, खुब्यातून वाका. मंगला म्हणाली, मंग उतरा ना जी चिखलात, वाकून दाखवा. चिखलात पोश्चर दाखवता येत नाही, हे तिला पटलं नाही. बाया हसल्या. मला काही वाटलं नाही.

१३ जुलै
चेंडू नाही म्हणून कच्चे पेरू घेतले. अंग मोकळं करायला वेळ नव्हता, सोसायटी उघडायची होती. दोन पेरू हुकले. तिसऱ्याला कमरेत कट् वाजलं.
गॅप भरली असावी.

१४ जुलै, रविवार
उठलो नाही. विश्रांती हा व्यायामाचाच भाग. विहारात रविवारची वंदना पुंडलिकरावांनी सांगितली म्हणे. एक दिवसापुरतं ठीक.
मंगलानं जवसाच्या तेलानं पाठ चोळून दिली. तिचीही दुखत असेल, रोवणा चालू आहे. विचारायचं राहिलं.
सर्व काही अनित्य आहे. कंबर रोज दुखते.

१८ जुलै
डाव्या पायाला मुंग्या येत होत्या, त्याही थांबल्या. आता काहीच वाटत नाही. सुधारणा. विनोदला फोन करून सांगितलं. म्हणाला, भाऊजी, हे काही बरं लक्षण नाही, डॉक्टरले दाखवा. घाबरट आहे. पौर्णिमा झाल्यावर बघू.

२१ जुलै, आषाढ पौर्णिमा
विहार भरलेला. आवाज खणखणीत लागला. पहिला प्रणाम खुब्यातून. दुसराही. तिसऱ्याला कपाळ टेकलं आणि तिथंच राहिलं.
वंदना सांगणारा उठल्याशिवाय मागचं कोणी उठत नाही, ही आमची रीत. सगळं गाव फरशीवर. पंखा फिरत होता. देवकाबाई कुजबुजल्या, काय ध्यान लागलं बाई. शेवटी बायांमधून मंगला आली, कानाशी म्हणाली, अटकले का जी? पुंडलिकराव आणि हिरालालनं मला, होतो त्याच आकारात, उचलून बाहेर पडवीत ठेवलं.
इतका दीर्घ प्रणाम आमच्या विहारात आजवर झाला नसेल.

२५ जुलै
मंगलानं गोल्फची काठी परसात रोवली. दोडक्याचा वेल चढवला.

२८ जुलै, रविवार
विहारात खुर्ची ठेवलेली होती. मागे, चपलांजवळ. बसलो. पुंडलिकरावांनी वंदना सांगितली. सगळे वाकले. खुर्चीवरून मला सगळ्यांच्या पाठी दिसल्या. मंगलाचीही. एकाचीही पाठ सरळ नव्हती, कोणीही खुब्यातून वाकलं नव्हतं.
सगळे उठले.