लुगडी कासाबाईची

मी धुरपताबाई, राहणार मौजे चुडावा, जिल्हा परभणी, धंदा सुईणपण, कुणी भरीस घातलेले नसताना राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगते. अक्षर दिनकरराव पटवाऱ्यांचे, बोलणे माझे. हात कापतात, डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी भांडून बघावे.

राहते घर व परडे माझ्या पुतण्याला, भुजंगला. तो कित्येक दिवाळ्या इकडे फिरकला नाही, पण रक्ताचा आहे, काय करता! मात्र पुढची पडवी कासाबाईची. भुजंगने कुरकुर केल्यास पाटलांनी त्याचा कान धरावा.

कासाबाईला मूल होत नाही म्हणून नवऱ्याने टाकले, तेव्हा ती माझ्याकडे काम शिकायला आली. तिच्याआधीही मी पोरी शिकवल्या. एक पोखर्णीला नावारूपाला आली, दिवाळीला फराळ घेऊन येते, पाया पडते. शिकवल्याचे फळ इतके गोड असते हे मला ठाऊक नव्हते. पण कासाबाईकडून जे मिळाले, त्याची मला लाज वाटते.

माझे हात कापू लागल्यापासून एकही बाळंतपण मी केलेले नाही. सगळी तिने केली. मी उशाशी बसून धीर देते, एवढेच. पण मूल नसलेल्या बाईचा हात बाळंतिणीला लागू नये, अशी घरोघर समजूत. म्हणून दारातच मी सांगायची, "ही नुसती पाणी तापवायला आणलीय." तिच्यादेखत सांगायची. आधी तिचे पोट भरावे म्हणून सांगितले. पुढे मलाच मानाची चटक लागली. खोटे कशाला बोलू?

दोन वर्षांमागच्या श्रावणात व्यंकटराव पाटलांच्या सुनेचे, नर्मदाबाईचे, मूल पायाळू येत होते. घरात रडारड. सगळ्यांना बाहेर काढून मी दार लावले आणि कासाबाईने मूल सुखरूप काढले. पाचवीला पाटलीणबाईंनी माझ्या अंगावर हिरवे लुगडे घातले. म्हणाल्या, "धुरपते, तुज्या हाताला देव हाय." मी मान डोलावली! कासाबाई बाहेर चुलीपाशी बसलेली. घरी आल्यावर तिनेच घडी उलगडून माझ्या हातात दिली. "नेसा की आत्या, लय शोभतंय तुमाला." धरणीने पोटात घ्यावे असे झाले. तरी नेसले. अशी मी!

सबब अशी बाळंतपणांत मिळालेली माझ्या ट्रंकेतली सगळी लुगडी कासाबाईची. मी ती देत नाही, ती तिचीच आहेत. नाळ कापायचे पाते आणि तेलाची वाटीही तिचीच.

हे ऐकून कासाबाई रडली. "आत्या, हे कुणाला कळलं तर मला दारात उभं करायचे न्हाईत. मी खाऊ काय?" तिचे खरे आहे. पण मी गप्प मेले, तर पाणी तापवणारीला बाळंतपणाला कोण बोलावणार? दोन्हीकडून तीच मरते. आणि मेल्यावर माझी लाज निघाली तर मला त्याचे काय? म्हणून हे मृत्युपत्र मी जिवंत असतानाच, येत्या संक्रांतीला पाटलांच्या घरी हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढे वाचावे. अशी रीत नाही, असे दिनकरराव म्हणतात. नसो. मी समोर बसेन. कुणाला तोंडावर थुंकायचे असेल तर थुंकावे. त्याआधी कासाबाईने या जगात आणलेली आपापली लेकरे एकदा नीट बघावीत.

येणेप्रमाणे सांगितले, वाचून घेतले, कबूल केले.

मौजे चुडावा, पौष शुद्ध पंचमी, सन १३५१ फसली.

धुरपताबाई, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:

दिनकरराव पटवारी, सही दस्तुरखुद्द

नर्मदाबाई, व्यंकटराव पाटलांची सून, निशाणी अंगठा. ही न बोलावता आली व तिच्या सांगण्यावरून पुढील मजकूर लिहिला: "मी तवा शुद्धीवर व्हते. कुणाचे हात व्हते ते मला ठावं हाय. सासूबाईच्या धाकानं तोंड उघडलं न्हाई. मला परत दिस गेलेत. कासाबाईलाच बोलावणार."