पेल्यातले दोन दात

दादा,

नमस्कार लिहीत नाही. राग आला तर येऊ दे.

तू सांगितलंस म्हणून बाथरूममध्ये पाय घसरल्याचं मी सगळ्यांना सांगत सुटले. तू सांगितलंस म्हणूनच समोरचे दोन दातही नवे करून घेतले, काढता-घालता येणारे. म्हणालास, "संत अपोलोनियाच्या सणाला वाचन तुझं आहे. चारचौघांत दाजींची शोभा नको." दात माझे पडले आणि शोभा त्यांची!

आज मी ते दात पेल्यातच ठेवून चर्चमध्ये गेले. वेदीशेजारी अपोलोनियाची मूर्ती उभी होती. तिच्या हातात चिमटा आणि चिमट्यात तिचाच दात. त्या दातापुढे आपण लहानपणापासून मेणबत्त्या लावतोय. तिने तो कधी लपवला नाही.

मी तिची गोष्ट वाचायला लागले. वाक्य आलं, "त्यांनी तिचे दात पाडले, तरी त्यांना हवं ते तिने म्हटलं नाही." तिथे मी थांबले. मी तर हवं ते म्हणत आले होते. मग कागद खाली ठेवला आणि माइकवर म्हणाले, "माझा पाय घसरला नव्हता. मला नवऱ्याने मारलं."

दातांच्या फटीतून वारा सुटत होता, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. तुझे दाजी मधूनच उठून गेले.

हे पत्र टाकणार नाही. बोलायचं ते बोलून झालंय. दाजी तुझ्याकडे आले असतील, तर खुशाल ठेवून घे. फक्त बाथरूममध्ये जपून जा.

तुझी,
बोळकी धाकटी