एकोणचाळीस मिनिटं

मुलींचं वसतिगृह,
बुधवार

प्रिय रंजू,

तू फोन उचलत नाहीस. उचलू नकोस. दोनदा मी सतरा किलोमीटर येऊन तुमच्या दारात उभी राहिले. पहिल्यांदा कमलकाकू म्हणाल्या, झोपेल शे. दुसऱ्यांदाही म्हणाल्या, झोपेल शे. सकाळी साडेअकराला तू कधी झोपली होतीस गं? पहिलीपासून एका बाकावर बसलो आपण, मला माहीत नाही का? म्हणून हे पत्र. तापीबाई बाजारात मेथी घेऊन आली आहे, तिच्या टोपलीत ठेवून देतेय. तिला वाचता येत नाही, त्यामुळे मी मनात येईल ते लिहिणार आहे. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग.

आज सकाळी कॉलेजच्या बोर्डावर यादी लागली. बीएस्सी दुसरं वर्ष, जूनपासून सतत गैरहजर असलेल्या विद्यार्थिनी. तीन नावं, तिन्ही आपल्या गावची, आणि सगळ्यात वर तुझं. तीस तारखेपर्यंत हजर झाल्या नाहीत तर नाव कमी करणार. मी ऑफिसात विचारायला गेले तर तिथले क्लार्क म्हणाले, या खेड्यातल्या मुलींना शिक्षणाची आवडच नसते. तुला? जी गेल्या वर्षी प्रॅक्टिकलला अख्ख्या बॅचची रीडिंगं तपासून द्यायची, तिला आवड नाही? मी त्यांना काय बोलले ते लिहीत नाही. एवढंच सांगते, वसतिगृहाच्या बाईंनी मला बोलावून समज दिली आहे.

मला चीड कशाची येते माहितेय? सगळ्यांना कारण माहीत आहे आणि एकही जण तोंडाने बोलत नाही. सकाळची सातची बस बंद झाली म्हणून तुम्ही तिघी घरी बसलात. आणि ती बस बंद कशी झाली, तर त्या जानेवारीतल्या तमाशामुळे. सायकल, मोटार की एसटी, कोण आधी पोहोचतं! खेळाचे आपले धर्मेंद्र सर आणि शहरातले दोन-चार हौशी लोक, यांना सायकलचा प्रचार करायचा होता. करा ना बापडे. आपल्या गावच्या पारापासून शहरातल्या रेल्वे फाटकापलीकडच्या चौकापर्यंत तिघांनी एकाच वेळी निघायचं. मोटारीत ते प्रायोजक साहेब, सायकलवर मी, आणि बसमध्ये नेहमीसारखं अख्खं गाव. मी एकोणचाळीस मिनिटांत पोहोचले, मोटार सेहेचाळीस, बस बहात्तर. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो, हातात गुच्छ, तोंड उघडं. खाली छापलं होतं, सायकलची मोटारीवर मात. बाबांनी तो कागद अजून भिंतीला चिकटवून ठेवला आहे.

आता मला कुणीतरी सांगा, ही मोजणी कसली? सायकलने एका पोरीला नेलं. मोटारीने एक साहेब आणि एक ड्रायव्हर. बसने त्रेचाळीस माणसं नेली, त्यात तीन बाळं, दवाखान्यात निघालेल्या दोन म्हाताऱ्या, तापीबाईच्या चार टोपल्या. तिघांना एकच घड्याळ लावायचं? मी खेळाडू आहे, रोज पहाटे पळते. माझ्या पाठीला त्या दिवशी दप्तर नव्हतं, डबा नव्हता, अंगात ट्रॅकसूट होता आणि हवा थंडीची होती. ओढणी सांभाळत, उसाच्या ट्रॅक्टरला वाट देत, वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांशी खोकत खोकत जाणारी पोर आणि मी सारखी? माझे आजोबा डोंगरसिंग धडगावला जीपमध्ये बसले की गाडी भरेपर्यंत तास तास बसतात. त्यांना कुणी विचारलं, किती वेळ लागला, तर ते जीप हलल्यापासूनचाच सांगतात. त्यांचं ठीक आहे, ते शाळेत गेले नाहीत. पण या शिकलेल्या लोकांना एवढं कळू नये, की वेळ कुणाचा मोजतोय ते आधी ठरवावं लागतं?

आणि ती अकरा मिनिटं. रंजू, आता खरं बोलायचं ते हेच आहे, म्हणून इथून पुढे जरा नीट वाच.

माझ्या मागच्या चाकात हवा नव्हती. सात वाजायला दहा मिनिटं होती, मला रडू फुटायचं बाकी होतं, आणि तू तुमच्या गोठ्यातून पंप घेऊन पळत आलीस. तूच हवा भरलीस. पाठीवरचा नंबरही तूच पिनांनी लावलास, एक पिन मला टोचली. मी निघाले आणि तू पंप ठेवायला, दप्तर आणायला घरी पळालीस. झिपरूनानांनी बस उभी ठेवली. ते नेहमीच ठेवतात. कुणी गल्लीतून हात केला की वीस वर्षं ते थांबत आलेत, म्हणून तर म्हाताऱ्या त्यांच्या भरवशावर घराबाहेर पडतात. तू धापा टाकत आलीस तेव्हा ते म्हणाले म्हणे, चाल वं माय, तुन्हीच वाट देखी ऱ्हायनू. आणि मागच्या सीटवर घड्याळ घेऊन बसलेल्या त्या हौशी माणसाने वहीत लिहिलं, अनावश्यक थांबा, अकरा मिनिटे. अनावश्यक. तू बसमध्ये चढणं अनावश्यक.

होळीला आम्ही काठी गावाला गेलो होतो. परत आलो तर पारावर एसटीचा कागद. मी तो दहा वेळा वाचला, त्यामुळे पाठ आहे. सदर गावातून सायकलने एकोणचाळीस मिनिटांत शहरात पोहोचता येत असल्याचे व बसफेरीस बहात्तर मिनिटे लागत असल्याचे निदर्शनास आल्याने सकाळची फेरी अव्यवहार्य ठरते, सबब पुढील आदेशापर्यंत बंद. सायकलचा प्रचार करता करता यांनी बसच खाल्ली. साहेबलोकांना फेरी कमी करायला निमित्त हवंच होतं, ते आपण फुलं लावून त्यांच्या हातात दिलं. सरांना विचारलं तर म्हणाले, रिना, आपला हेतू चांगला होता. हेतूवर बसून कॉलेजला जाता येत असतं तर काय हवं होतं.

मग गावाने आपलं काम केलं. पारावर, विहिरीवर, दळणाच्या गिरणीत एकच, या पोरीमुये बस गई. म्हणजे तुझ्यामुळे. तू अकरा मिनिटं उशीर केलास म्हणून. त्रेचाळीस माणसांपैकी ज्या बाईसाठी झिपरूनाना शंभरदा थांबले असतील, तिनेच हे आधी म्हटलं, हेही मला माहीत आहे. नाव लिहीत नाही, तापीबाईच्या शेजारी राहते. आणि घरी चुनीलालकाकांनी तुला सांगून टाकलं, बस नही तं कॉलेज नही, पोर एकली सायकलवर जाई का? काकांवर मी फार चिडू शकत नाही. बस कॉलेजच्या दारात सोडते आणि झिपरूनाना ओळखीचे, एवढ्याच बोलीवर त्यांनी तुला पाठवलं होतं. चीड तुझी येते. तू ऐकून घेतलंस. खाली मान घालून घरात बसलीस आणि खरंच समजलीस की बस तू घालवलीस. माझा फोन घेत नाहीस तो रागाने नाही, शरमेने, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

कारण रागावण्यासारखं मी केलं आहे. बस तुझ्या अकरा मिनिटांनी गेली नाही. बस माझ्या एकोणचाळीस मिनिटांनी गेली, आणि ती एकोणचाळीस मिनिटं खोटी आहेत.

मी रस्त्याने गेलेच नाही. पोल्ट्रीच्या शेडपासून डावीकडे उतरले, नाल्याच्या कोरड्या वाळूतून, मग शेताच्या बांधाने, आणि रेल्वे रुळांखालच्या मोरीतून थेट चौकाच्या मागे निघाले. सतराचे साडेअकरा किलोमीटर झाले आणि फाटकही चुकलं, जिथे मोटार आणि बस दोन्ही मालगाडीसाठी उभ्या होत्या. ती वाट तुला माहीत आहे, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया होळीपर्यंत वापरतात. पावसाळ्यात त्या मोरीत गळ्याएवढं पाणी असतं. चौकात सरांनी हसत विचारलं, मुख्य रस्त्यानेच आलीस ना? मी हो म्हणाले. फॉर्मवर सही केली. तेव्हा वाटलं, एवढ्याने काय होतंय, गंमत तर आहे. गमतीत मला काय मिळालं ते बघ. कॉलेजने खेळाडू म्हणून वसतिगृहात खोली दिली. सायकलने जिंकलेल्या पोरीला सायकल चालवायचीच गरज उरली नाही, आणि जिने हवा भरून दिली ती चार भिंतींत. मी एप्रिलपासून रोज ठरवत होते की सांगायचं, आणि रोज खोलीचं कुलूप उघडून आत जात होते. घाबरट आहे मी. तुझी माफी मागते, रंजू. अर्धी माफी नाही, पूर्ण.

सोमवारी मी सांगितलं. एकटीच गेले, अर्ज हाताने लिहिला, फेरी बंद करणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. मी मुख्य रस्त्याने गेले नव्हते, माझी वेळ चुकीची आहे, बसच्या उशिराला माझी मैत्रीण रंजिता जबाबदार नाही, अशा तिन्ही गोष्टी स्वच्छ लिहिल्या. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, आता हे कशाला उकरते पोरी, आदेश निघून गेला. मी म्हटलं, आदेश माझ्या खोट्यावर निघालाय, तर खऱ्यावर परत घ्या. नाही तर हाच अर्ज पेपरात देते, फोटो त्यांच्याकडे आहेच माझा. आवाज चढला होता माझा, बाहेरच्या बाकावरची माणसं दारात आली. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, पुन्हा मोजू. येत्या सोमवारी सात वाजता, एक दिवसासाठी बस गावात पाठवतो, मोटारीने मी स्वतः येतो, तिघेही मुख्य रस्त्याने. पण सायकलवर तू नको. रोज कॉलेजला जाणारी साधी मुलगी हवी. तसं झालं आणि बस आधी पोहोचली तर फेरी दुसऱ्या दिवसापासून चालू, असं त्यांच्याकडून मी लिहून घेतलं आहे. त्याची झेरॉक्स या पत्रासोबत आहे, काकांना दाखव. धर्मेंद्र सर माझ्याशी बोलत नाहीत. बाईंनी सांगितलं, खोलीचा निर्णय पुढच्या महिन्यात होईल. गेली तर गेली. बस चालू झाली की मीही गावातूनच येईन.

तर पत्र यासाठी आहे. सोमवारी सायकलवर तू बस. माझ्या नको, तुझ्या, आठवीत शाळेतून मिळालेल्या, जिचा मागचा ब्रेक लागत नाही तिच्यावर. दप्तर पूर्ण भर, डबा घे, ओढणी घे, पाऊस असेल तर रेनकोट घाल. काकांना सांग, नाल्याने नाही, रस्त्याने, आणि त्यांना काळजी वाटली तर त्यांनी बसमध्ये खिडकीशी बसावं, झिपरूनाना जागा धरून ठेवतील. रंजू, मुद्दाम हळू चालवू नकोस. मुद्दाम जोरातही नको. खोटं बोलून मी बघितलं आहे, ते एकीने केलं तेवढं पुरे. चढ आला की उतर, ट्रॅक्टर आला की बाजूला हो, तहान लागली की पाणी पी. बस तुझ्या पुढे निघून गेली की गाव खिडक्यांतून बघेल. बघू दे, वाईट वाटून घेऊ नकोस, त्या दिवशी मागे राहणं हेच तुझं काम आहे. दीड तास लागो, पावणेदोन लागो. साहेब चौकात हातात घड्याळ घेऊन उभे असतील. उभे राहू देत.

तुझीच, आणि पुन्हा मैत्रीण म्हणशील तर तुझ्याच बाकावरची,
रिना